व्याही आणि बारा मिलीचा प्लाय

या जगात आतून भरीव अशा वस्तू फारच थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक माझ्या व्याह्यांनी बोटाच्या पेराने ठोकून नापास केलेल्या आहेत. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर नगर शहरापासून केडगावपर्यंत प्लायवूडची जेवढी म्हणून दुकानं आहेत, तिथल्या कुठल्याही शेठजींना विचारा. अंगात बिनइस्त्रीचा खाकी शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खांद्याला कापडी पिशवी, असा एक उंच गृहस्थ पायरी चढताना दिसला की शेठजी चहा सांगतात आणि हमाल जेवायला निघून जातात. चहा यासाठी, की हा माणूस दोन तासांच्या आत उठणार नाही. आणि जेवण यासाठी, की हा थप्पीतली सगळ्यात खालची शीट काढायला लावणार, ती बघून झाल्यावर तिच्याही खाली काही आहे का असं विचारणार, आणि शेवटी हातभर तुकडा घेऊन जाणार.

त्यांची-माझी पहिली भेट झाली ती आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये, लेकीच्या बघण्याच्या कार्यक्रमात. पोहे आले, चहा आला, लेक येऊन बसली. तिला कुणी काही विचारायच्या आत हे गृहस्थ उठले आणि आमच्या शोकेसपाशी गेले. मला वाटलं, आत मांडलेली लेकीची बक्षिसं बघतायत. बरं वाटलं. त्यांनी शोकेसच्या दाराला कान लावला, डोळे मिटले, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून तीन ठिकाणी टकटक केलं आणि परत येऊन बसत ते गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका, पन सुतारानं फसवलंय तुमाला. तिसऱ्या थरात पोकळी हाय." नवरा मुलगा आपल्या पायमोज्यांकडे बघायला लागला. तेव्हा अजून व्हायच्या असलेल्या विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, पोरगी बघायला आलोय आपन, कपाट न्हाई." "पोरगी चांगलीच हाय," हे म्हणाले, "तिच्यात काय बघायचं?" अशा रीतीने माझ्या लेकीचं लग्न पाच मिनिटांत ठरलं. शोकेसविषयीची चर्चा मात्र साखरपुड्यापर्यंत चालू होती.

आता त्या सुताराकडून मी समोर उभं राहून काम करून घेतलं होतं. शोकेस उत्तम होती, निदान तोपर्यंत तरी. पण मी काय केलं? "बरोबर आहे तुमचं, अगदी बरोबर," असं म्हणून मान हलवली. मुलीच्या बापाने व्याह्यांना 'नाही' म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. थोरल्या बहिणीच्या लग्नात माझ्या वडिलांनी तिच्या सासऱ्यांपुढे इतकी मान हलवली की पुढे वर्षभर त्यांना मानेला पट्टा लावावा लागला, असं आम्ही भावंडं अजून म्हणतो. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केल्यामुळे मान हलवण्याचा माझा सरावही चांगला होता. व्याही म्हणाले, लग्न गावाकडे करू. मी मान हलवली. व्याही म्हणाले, बुंदीपेक्षा शिरा बरा. मी मान हलवली. आणि लग्न होऊन महिना झाला नसेल, एका रविवारी सकाळी दारात स्कूटर उभी करून व्याही म्हणाले, "चला पाव्हणं, प्लाय बघून येऊ." मी चहाचा कप तसाच ठेवला, मान हलवली आणि मागे बसलो. पुढची नऊ वर्षं मी त्या स्कूटरवर मागे बसून होतो असं म्हटलं तरी चालेल.

व्याही मूळचे पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावचे. तिथून नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले आणि क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या अजस्र मशिनींच्या धडधडाटात उभं राहायचं आणि येईल त्या मालावर लाल खडूने फुली मारायची, हे त्यांचं तीसेक वर्षांचं काम. निवृत्त झाल्यावर फुली मारायला काही उरलं नाही. दोन महिने त्यांनी घरातल्या चपात्यांवर भागवलं. मग विहीणबाईंनीच मुलाच्या मागे लागून त्यांना जाळीकामाचं यंत्र आणवलं. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. शिवणयंत्रासारखं टेबल, आणि सुई असते तिथे उभी ताणलेली, दोऱ्याएवढी बारीक करवत. ती जागच्या जागी वरखाली नाचते, आपण लाकूड फिरवायचं. पातळ प्लायवर कागद चिकटवून त्यावरची नक्षी कापत गेलं की देवघराची जाळी, दारावरची पाटी, घड्याळाची चौकट, पाहिजे ते होतं. विहीणबाईंचा हिशेब असा, की माणूस अंगणातल्या शेडमध्ये बसून नक्षी कापील आणि चपात्या गोल आहेत की नाहीत ते बघणार नाही. त्यांना एवढंच माहीत नव्हतं की नक्षी कापायला आधी प्लाय लागतो, आणि प्लाय निवडावा लागतो.

काम चार दिवसांचं आणि निवड चार महिन्यांची, हा व्याह्यांचा कायमचा बेत. कापडी पिशवीत एक बॅटरी, पाण्याची बाटली, काचकागदाचा तुकडा आणि लाल-हिरवे दोन खडू असत. दुकानात गेलं की आधी कड. शीटच्या कडेवरून अंगठा फिरवत ते थर मोजत. थर सारख्या जाडीचे पाहिजेत, मधल्या थरांच्या फळ्या एकमेकींना भिडलेल्या पाहिजेत, आणि वरचा थर कांद्याच्या सालासारखा असेल तर शेठजींची धडगत नसे. "ह्याला काचकागद लावला तर खालचा थर दिसंल की वो. ह्ये लाकूड हाय का मुलामा?" कड पसंत पडली तर शीट जमिनीवर आडवी. ती चारी कोपऱ्यांनी फरशीला टेकते का हे बघायला व्याही स्वतः पोटावर झोपत आणि एक डोळा मिटून शीटच्या कडेशी गाल लावत. एकदा ते असे बराच वेळ पडून असताना दुकानात एक बाई आल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी आरडाओरडा करून कांदा मागवला आणि कुणीतरी खरोखरच व्याह्यांच्या नाकाशी चप्पल धरली. व्याही न हलता म्हणाले, "चप्पल सरकवा, उजेड आडतोय."

पाण्याची बाटली डिंकाच्या पहिल्या परीक्षेला, कडेवर पाणी शिंपडून बघायला; दुसरी परीक्षा घरी. शेठजींकडून कोपऱ्यातला कपटा मागून घ्यायचा, घरी नेऊन उकळत्या पाण्यात टाकायचा, आणि थर सुटतात का ते बघायचं. उकळायला कुठलं भांडं, हा प्रश्न व्याह्यांना कधी पडला नाही. मी त्यांच्याकडे केडगावला पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा सकाळी गॅसवर पातेलं खदखदत होतं आणि घरभर ओल्या गोदामाचा वास होता. विहीणबाई मला म्हणाल्या, "बसा वो, च्या व्हतोय. आमच्यात आधी प्लाय उकळतोय, मंग च्या." तो चहा मी प्यायलो. कसा झालाय म्हणून विचारलं तेव्हा मान हलवली.

पातळ प्लायचं सगळं बॅटरीवर चाले. शीटच्या मागे बॅटरी धरायची. आत कुठे फट असेल तर तिथे उजेड पिवळा फुटतो, थर एकावर एक चढले असतील तर काळी रेघ दिसते. पण शेवटचा निकाल ठोकण्याचा. डोळे मिटून, शीटला कान लावून, चार-चार बोटांच्या अंतरावर पेर टेकवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. दुकानातला पंखासुद्धा बंद करायला लावत. भरीव जागी आवाज कोरडा, आखूड, टक असा येतो. पोकळीवर तोच आवाज जरा सैल पडतो, ढप होतो. तेवढ्याशा फरकासाठी एवढा आटापिटा कशाला, असं मला पहिली दोन-तीन वर्षं वाटे. मग एकदा व्याह्यांनी मला शेडमध्ये बसवून दाखवलं. करवत नक्षीच्या अरुंद फांदीवरून चालली होती. मध्येच पोकळी आली, करवतीने उडी घेतली आणि फांदी तुटून बाजूला पडली. "बगितलं?" ते म्हणाले. "वरून काय दिसतं का? वरून झ्याक." मग मी विचारलं की सुतार लोक अशा भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात आणि रंग देतात, तसं का करायचं नाही. व्याही माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या चपातीत लांबी भरली होती. "कारखान्यात एकानं असं भरून माल पास करून घेतला हुता," ते म्हणाले. "मी त्याच्याशी रिटायर होईस्तोवर बोललो न्हाई."

माणूस विक्षिप्त, पण त्यांच्या हातची वस्तू हातात घेतली की सोडवत नसे. जाळीच्या आतल्या कडासुद्धा गालाला लावाव्यात अशा गुळगुळीत. जावईबापूंनी एकदा पुण्याहून बर्च नावाच्या विलायती लाकडाचा प्लाय ऑनलाइन मागवून पाठवला. हातभर लांब, तीन मिली जाड, पांढराशुभ्र. व्याह्यांनी तो ठोकला, उजेडात धरला, उकळायला मात्र धजावले नाहीत. शेवटी त्यांनी तो विहीणबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटात ठेवला. "इतका चांगला माल कापायचा म्हंजी पाप हाय," म्हणाले. घरी पाहुणे आले की तो बाहेर निघतो. पाहुण्यांनी ठोकून बघायचा, वा म्हणायचं, आणि मग पोहे मिळतात.

आणि मी? मला हे कबूल करायला जरा लाज वाटते, पण मला त्या रविवारांची चटक लागली. निवृत्तीनंतर सावेडीतले माझे मित्र बागेत जाऊन रक्तातल्या साखरेवर बोलत, मी केडगावच्या दुकानात गर्जन आणि निलगिरी या दोन लाकडांच्या वासांतला फरक ओळखत असे. परतताना पुणे रस्त्याच्या कडेला आम्ही भेळ खायचो. व्याही कुरमुरे चिमटीत दाबून बघत, त्यातले काही बाजूला काढत. बोलणं फारसं होत नसे. मुलांविषयी तर नाहीच. तरी आठवड्याचे सहा दिवस मी त्या रविवारासाठी घालवतोय असं मला वाटू लागलं होतं. मला कान आला होता. लोकांच्या घरी गेलो की माझं बोट आपोआप टीपॉयवर टकटक करी आणि आमची सौभाग्यवती मला कोपराने ढोसत असे.

मग सातेक वर्षांनी काहीतरी बदललं. ठोकण्याचा जोर वाढला. त्यांच्या मधल्या बोटाचं पेर सुजलेलं दिसू लागलं. केडगावच्या घरात टीव्हीचा आवाज फाटकापर्यंत येऊ लागला. आणि जे व्याही ठोकताना डोळे घट्ट मिटत, ते आता डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत ठोकू लागले. मला वाटलं, मला शिकवतायत. गुरूने आपल्याकडे बघावं याचा मला अभिमानच वाटला. मी आणखी तत्परतेने मान हलवू लागलो. पातळ प्लायला बॅटरी होतीच, त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

अशी दोनेक वर्षं गेल्यावर लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि नात झाली. पहिलं बाळंतपण, बारसं आमच्याकडे. पाळणा आजोळचा, ही रीत. मी पाळण्याची चौकशी करायला लागलो तेवढ्यात व्याही आले. टाळूवर हात न ठेवता त्यांनी नातीकडे लांबून बराच वेळ पाहिलं, आणि मला बाल्कनीत बोलावून म्हणाले, "रीत असंल. पन पाळना मी करनार. चौकट सागाची, दोनी बाजू बारा मिली प्लायच्या, जाळी काढून. आपल्याकडच्या जवारीची कनसं, आन् त्यावर चिमन्या." मी मान हलवली. बारसं सव्वा महिन्यानंतरचं ठरलं होतं. व्याह्यांच्या हिशेबाने एवढ्या दिवसांत शीटची कडसुद्धा बघून झाली नसती, पण त्यांनी तीनच दिवसांत निवड करायची ठरवली. नातीसाठी त्यांनी आपल्या जन्माच्या सवयीला घातलेली ती पहिली मुरड होती.

त्या दिवशी केडगावच्या दुकानात आम्ही सकाळीच गेलो. बारा मिलीच्या प्लायमधून उजेड जात नाही. बॅटरी पिशवीतच राहिली. कड बघून, पोटावर झोपून सोळा-सतरा शीटा नापास झाल्या आणि एक उरली. सुंदर होती. वरचा थर सरळ रेषांचा, कडेला एक फट नाही. पंखा बंद केला गेला. व्याही ठोकत निघाले. टक, टक, टक. डावीकडे, कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, ढप. मी स्वच्छ ऐकलं. मी थांबलो, आता ते लाल खडू काढणार म्हणून. त्यांनी तिथेच पुन्हा ठोकलं, जोरात. ढप. आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त डोळे माझ्यावर लागले होते. मला वाटलं, त्यांना आवाज आलाच असणार. त्यांना येत नाही असं होईल कसं? त्यांनी काही हिशेब केला असेल, तो कोपरा कापून टाकणार असतील. आणि समजा तसं नसलं, तरी व्याह्यांना भर दुकानात, शेठजींसमोर, 'तुमचं चुकतंय' असं मी म्हणू? मुलीचा बाप? मी हसलो आणि मान हलवली. त्यांनी हिरव्या खडूने बरोबरची खूण केली.

निघताना त्यांनी शीटचे तुकडे करून घेऊन टेम्पोत घातले, आणि मी घरी जाऊन जेवायला बसलो. मला ते जेवण गेलं नाही एवढं सांगितलं तर पुरे. पाळण्याच्या बाजूला नात हात घालणार. पोकळीवरची फांदी तुटली तर आत प्लायची धारदार कुसळं असतात, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. तीनदा फोन हातात घेतला. तीनदा ठेवून दिला. सौभाग्यवतीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं." हे इतकं खरं होतं की मी त्याच्या आडोशाला बसून राहिलो.

बारशाला आठ दिवस असताना व्याह्यांचा फोन आला. "या," एवढंच म्हणाले. मी रिक्षाने केडगावला गेलो. शेडमध्ये टेबलावर पाळण्याची एक बाजू उभी होती, आणि इतकं देखणं काम मी त्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं. ज्वारीची कणसं दाण्यादाण्याने कोरलेली, त्यांवर वाकलेल्या चिमण्या. दुसरी बाजू आडवी पडली होती. डावीकडच्या एका चिमणीची मान तुटली होती आणि तुटल्या जागी, दोन थरांच्या मध्ये, नख जाईल एवढा काळा पोकळ चर दिसत होता. व्याह्यांनी फुंकर मारून भुसा उडवला.

"दुकानात ऐकू आलं हुतं का तुमाला?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण ते माझ्याकडे पुन्हा तसेच बघत होते. "आलं होतं," मी म्हणालो.

"मला न्हाई आलं," ते म्हणाले. "दोन वरसं झाली. मानूस बोललेलं कळतं, लाकूड बोललेलं कळत न्हाई. त्या मशिनींनी खाल्लं. घरात कुनाला सांगितलं न्हाई. मी तुमच्या तोंडाकडं बघून ठोकतोय. म्हनलं, पाव्हण्यांचा कान तयार झालाय, तोंडावर दिसतंच. आन् तुमी मान हलवली."

"मी नेहमीच हलवतो, व्याही," मी म्हणालो.

ते स्टुलावर बसले. माझं बोलणं त्यांच्या आत कुठवर पोहोचतंय ते मला दिसत होतं. नऊ वर्षं. शोकेस, शिरा, प्लायचा चहा. मग त्यांनी समोरच्या कणसांवरून बोट फिरवत विचारलं, "मंग माझी जाळी चांगली हाय म्हनायचा, ते?"

"ते खरं."

"कशावरून?"

त्यांनी रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नऊ वर्षांचे रविवार मी त्यांचा सोबती म्हणून गेलो की त्यांच्या सुनेचा बाप म्हणून, हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला ते सिद्ध करता येत नव्हतं. ज्याने एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही त्याच्या 'हो'ला कोण विचारतो? मी शेडभर नजर फिरवली. भिंतीवर व्याह्यांचा लाडका मोर होता. पिसारा फुलवलेला, दीड महिना खपून केलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला जाई आणि मी प्रत्येक वेळी त्याची तोंडभरून स्तुती केलेली होती.

"तो मोर," मी म्हणालो. "तो मोर वाटत नाही, व्याही. कोंबडी वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

व्याह्यांनी मान वर करून मोराकडे पाहिलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या विहीणबाई दारातच थबकल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी काय म्हनत हुते! मी काय म्हनत हुते!" मग व्याह्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू वर यायला लागलं. ते हसले, खोकले, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा मोराकडे बघितलं आणि पुन्हा हसले. मीही हसत होतो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चहा निवून गेला.

तासाभरात आम्ही दुकानात होतो. व्याही ठोकत होते आणि मी तोंडाने बोलत होतो. नको. नको. हाही नको. एक शीट त्यांना फार आवडली होती, तरी मी नको म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हणालो. शेठजी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, साहेबांना पसंत आहे ना?" तेव्हा व्याही त्यांच्याकडे वळून मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "साहेबाचं काय विचारता? पाव्हण्यांनी नापास केलाय!" बाराव्या शीटला मी हो म्हणालो. पाळणा बारशाच्या सकाळी आला. बायकांनी पाळणा म्हटला, नातीच्या कानात नाव सांगितलं, आणि त्या सगळ्या गर्दीत व्याही कोपऱ्यात उभे राहून फक्त पाळण्याच्या कड्यांकडे बघत होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. नात पुण्याला असते, पाळण्यात मावत नाही. पाळणा आमच्या हॉलमध्येच टांगलेला आहे, त्यात सौभाग्यवती धुतलेल्या चादरी ठेवते. व्याह्यांना मुलाने कानाचं यंत्र घेऊन दिलं, पण त्यातून सगळ्या जगाचा आवाज पत्र्यासारखा येतो म्हणून ते खिशात असतं. हातही आता थरथरतो, त्यामुळे जाळीकाम जवळजवळ थांबलं आहे. रविवारी आम्ही दुकानात जातो ते नुसते, काही न घेता. शेठजी चहा सांगतात. हमाल मात्र आता जेवायला जात नाहीत.

मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाळण्यातल्या चादरी उचलून त्यांनी बाजूला ठेवल्या, दोन्ही बाजूंवरून सावकाश हात फिरवला आणि इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "कसा झालाय वो? खरं सांगा आता."

मी जवळ गेलो. चष्मा लावला. कणीस न् कणीस बघितलं, चिमण्या एकेक करून बघितल्या. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उजवीकडची तिसरी चिमणी," मी म्हणालो, जरा मोठ्याने. "मानेत थोडी जाड झालीय."

त्यांनी अंगठा त्या चिमणीच्या मानेवर ठेवला, दाबून बघितला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हाय," ते म्हणाले. "हाय जाड. माज्याबी ध्यानात हुतं. म्हंजी बाकी पाळना चांगला झालाय."

"बाकी चांगला झालाय."

चहा पिऊन ते समाधानाने केडगावला गेले. मी चादरी परत पाळण्यात ठेवायला घेतल्या, आणि त्या तशाच हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. ती चिमणी मुळीच जाड नव्हती. सगळ्या पाळण्यात मला एकही चूक सापडली नव्हती, आणि तेवढं एकच मला त्यांना सांगता आलं नाही.